पदापुढे पद

काशीतल्या रामघाटावरच्या आमच्या घराला नदीच्या अंगाला एकच खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून उजेडाच्या आधी आवाज येतो. सांगवेद विद्यालयातल्या मुलांचा आवाज. पलीकडच्या वाळूवर सूर्य अजून उगवलेला नसतो, घाटाच्या पायऱ्या ओल्या आणि काळ्या असतात, खाली एखादा नावाडी वल्ह्याने पाणी चाचपत असतो, आणि भिंतीला भिडून थोडा फुटलेला, थोडा घुमलेला तो आवाज वर येतो: दोन पदं एकत्र, मग त्यांतलं दुसरं तिसऱ्याला धरून, मग तिसरं चौथ्याला. कुठलंच पद एकटं सुटत नाही. लहानपणी मला त्यातलं अक्षरही कळत नसे, पण चाल कळायची. झोपेच्या काठावर पडल्या पडल्या मी त्या चालीबरोबर आत-बाहेर होत राहायचे, आणि एखादा मुलगा अडखळला, की पुढचा स्वर यायच्या आधी जी पोकळी पडायची तिच्यात माझाही श्वास अडायचा.

अजून अडतो.

पुढे कळलं, की हा क्रमपाठ. त्याच्यापुढे जटा, माला, शिखा, दंड, घन अशा चढत्या विकृती. पदं सुलट म्हणायची, उलट म्हणायची, पुन्हा सुलट म्हणायची; एवढं सगळं कशासाठी, तर कागदाचा आधार न घेता पिढ्यानुपिढ्या ऐकून ऐकून पुढे गेलेल्या मंत्रातला एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच विद्यालयात अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण केलं. सुमारे २००० मंत्र, ५० दिवस. दंडक्रमात प्रत्येक वेळी आरंभापासून निघायचं, मागच्या खेपेपेक्षा एक पद पुढे जायचं आणि उलट पावलांनी पहिल्या पदापर्यंत परत यायचं. तिथून पुन्हा निघायचं. त्या दिवसांत मी खिडकीशी बसून एका केबलचं काम करत होते, आणि आज त्या केबलबद्दल लिहायला बसले, तर हात आधी या आवाजाकडेच वळतो. दोन्ही माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेलेत. ते वेगळे करावेत असं मला वाटतही नाही.

केबल आणली ती अण्णांच्या काट्यासाठी. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, वैद्य. आमच्या माजघराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बसणं. सुंठ-पिंपळीचा, गुळवेलीचा, जुन्या लाकडी खणांचा वास त्या खोलीला इतका मुरलेला आहे, की पावसाळ्यात भिंतींनाही तो येतो. भस्मं आणि चूर्णं ते एका छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतात. काच लावलेला, पितळी तबकडीचा तो काटा. तबकडीची कड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. त्याचे लाल आकडे पूर्वी लांबून वाचता यायचे. मग शेवटच्या आकड्याची मधली आडवी रेघ विझली. आठातून ती रेघ काढली, की शून्य उरतं. वैद्याच्या काट्यावर आठ आणि शून्य सारखे दिसू लागले, आणि त्यातच अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला.

नवा काटा घ्या, हे सगळ्यांचं सांगून झालं होतं. “अगं, तो तोलतोय बरोबर,” अण्णा तबकडीवर बोट ठेवून म्हणाले. “फक्त त्याला सांगता येईनासं झालंय.”

मला ते पटलं. काट्याच्या पाठीमागे नऊ टाचण्यांची एक खोबण होती, धुळीने बुजलेली. म्हणजे तो बोलत होता. इतकी वर्षं, रात्रंदिवस, जे तोललं ते त्या खोबणीतून सांगत होता, आणि ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं.

त्या खोबणीला जोडायची ही सिरियल तार १९६० साली आखली गेली, आरएस-२३२ या नावाने. तिची रीत मला फार आवडते. तार एरवी एकाच पातळीवर स्तब्ध असते. बोलायचं झालं की ती क्षणभर दुसऱ्या पातळीवर जाते, म्हणजे ऐकणाऱ्याने सावध व्हायचं. मग एकेक बिट, एकामागून एक, ठरल्या लयीत. शेवटी पुन्हा पहिल्या पातळीवर येऊन थांबायचं. ९६०० च्या गतीला एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा जवळजवळ दहा हजारावा भाग येतो, आणि दोन्ही टोकांना वेगळी घड्याळं असून, त्या दोघांना जोडणारा तिसरा कुठलाही ठोका नसून, केवळ आधी ठरलेल्या लयीवर विसंबून ते एकमेकांना ऐकतात. माझ्या संगणकावरच्या लिनक्सची सुरुवातही अशाच तारेवरची आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनुस तोरवाल्ड्स आपल्या संगणकावरून मोडेमच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलायला एक छोटा कार्यक्रम लिहीत होता, आणि तो वाढत वाढत लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, झाला.

आजच्या संगणकांना ती नऊ टाचण्यांची खोबण उरलेली नाही. मधे दुभाषा लागतो: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला जुनी तार, आणि मधल्या प्लास्टिकच्या बोंडात नखाएवढी चिप. दालमंडीच्या बाजारातून मी अशी एक निळी, आरपार दिसणारी केबल आणली आणि लावली. यूएसबीवर नव्याने आलेलं प्रत्येक उपकरण आधी शून्य पत्त्यावर असतं, बारशाआधीच्या बाळासारखं. संगणक त्याला विचारतो, तू कोण, आणि ते आपली अठरा बाइटांची ओळख सांगतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे, एक घराण्याचा, एक वस्तूचा. मग कर्नल आपल्या ड्रायव्हरांकडच्या, म्हणजे एकेका प्रकारच्या उपकरणाशी बोलणाऱ्या कार्यक्रमांकडच्या, याद्या चाळतो. कुणाच्या यादीत ती जोडी सापडली, तर तो ड्रायव्हर पुढे होऊन म्हणतो, ही माझी. माझ्या केबलची जोडी कुणाच्याच यादीत नव्हती. पडद्यावर कर्नलच्या नोंदी उमटल्या: नवं यूएसबी उपकरण सापडलं, हा त्याचा घराण्याचा आकडा, हा वस्तूचा, नाव ‘यूएसबी सिरियल’. त्यापुढे काही नाही. ओळखीची तार तयार झाल्याची जी ओळ यायला हवी होती ती आली नाही, आणि खिडकीतून त्याच वेळी दंडक्रमाचं एक आवर्तन पहिल्या पदापर्यंत परत येऊन ठेपलं.

मी बोंड उकललं. चिपवरची अक्षरं घासून टाकलेली होती. पण आकडा परका असला तरी वागणं ओळखीचं होतं. आत येणारा एक मार्ग, बाहेर जाणारा एक, दोन्ही बत्तीस बाइटांचे, आणि खुणांसाठी आठ बाइटांचा तिसरा. ५एफ ही विनंती पाठवली, की ती आपली आवृत्ती सांगत होती. नाव गेलं होतं, चाल राहिली होती. सीएच३४१ या चिपांच्या घराण्याचीच ती.

मग मी त्या घराण्याच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर वाचायला घेतला, आणि खरं सांगायचं तर केबल बाजूलाच राहिली. कार्तिक होता. पलीकडे पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे लागत होते, आणि मी एकामागून एक ओळ वाचत बसले होते. माथ्यावर २००७ सालची नोंद, फ्रँक किंग्सवुड यांचं नाव. त्याच्या खाली एक साधं, सरळ निवेदन: ही चिप पुष्कळ गोष्टी करू शकते, हा ड्रायव्हर त्यांतली सिरियल तारेची तेवढी बाजू सांभाळतो. जुन्या आवृत्त्यांत आणखी खाली एक टिपण असे, कित्येक वर्षं तसंच राहिलेलं, की बिटांची संख्या, पॅरिटी आणि थांबण्याचे बिट ही कामं अजून झालेली नाहीत. मला त्या टिपणाने फार धीर दिला. जे झालं नाही ते तिथेच, झालेल्याच्या शेजारी, मागाहून येणाऱ्यासाठी लिहून ठेवलेलं. आणि मागाहून कुणी कुणी आलेही. बिटांची संख्या आणि पॅरिटी, दोन्ही भरली गेली.

त्या पॅरिटीपाशी मी थांबले, कारण अण्णांचा काटा सम पॅरिटीने बोलणारा होता. सात बिट अक्षराचे, आणि आठवा राखणीचा. अक्षरातल्या एकांची संख्या विषम असेल, तर राखणीचा बिट एक व्हायचा आणि बेरीज सम करायचा. आधीच सम असेल, तर शून्य राहायचा. मी कागदावर मांडून पाहिलं. आठाचा आकडा तारेवरून जातो तेव्हा त्यात तीन एक असतात. शून्याचा आकडा जातो तेव्हा दोन. आणि दोघांत फरक आहे तो नेमका एका बिटाचा! काट्याच्या तोंडावर एक रेघ विझली की आठाचं शून्य होतं, आणि तारेवरही एक बिट विझला की आठाचं शून्यच होतं; पण तारेवर तो राखणीचा बिट उभा असतो, आणि बेरीज विषम झाली की सांगतो, इथे काहीतरी गळलं. मी किती वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. अण्णांच्या काट्याला तोंडावर जे राखता आलं नाही, ते तो पाठीमागून राखत आला होता. आणि ड्रायव्हरमध्ये पॅरिटीचं ते काम परक्या देशातल्या परक्या माणसांनी केलं नसतं, तर हाच आठ तारेवरून भलतंच काही होऊन पडद्यावर उमटला असता; शून्य मात्र शून्यच आलं असतं.

खिडकीतून येणाऱ्या पाठाकडे मी त्या रात्रीनंतर निराळ्या कानाने ऐकू लागले. पदं उलटसुलट गुंफण्यातली ती राखण, आणि सात बिटांमागे उभा असलेला तो आठवा बिट. एकाने मंत्र राखायचा, एकाने आठाचा आकडा. मोठं काय, लहान काय, हे ठरवायला मी कोण? ऐकणाऱ्याची काळजी दोन्हीकडे सारखीच आहे.

ड्रायव्हरच्या इतिहासात आणखी एक जागा आहे, तिथे मी पुन्हा पुन्हा जाते. सिरियल तारेवर एक खूण असते, ‘ब्रेक’ नावाची: तार एका अक्षराला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्या पातळीवरच धरून ठेवायची. शब्द नाही, नुसता लांबलेला उसासा, आणि पलीकडच्या यंत्राने तो ऐकून दखल घ्यायची. या घराण्यातल्या काही चिपांना तो उसासा टाकताच येत नाही. २०२० साली मायकल हान्सेलमान यांनी त्यांच्यासाठी एक वाट काढली. अशी चिप असेल तर तिची गती क्षणभर अगदी खाली उतरवायची आणि त्या मंद गतीत एक शून्य अक्षर पाठवायचं. इतक्या सावकाश पाठवलेलं ते शून्य पलीकडे उसाशासारखंच ऐकू जातं. उणं काय राहतं तेही त्यांनी लिहून ठेवलं: उसासा किती लांबवायचा हे वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि त्या वेळात पलीकडून काही आलं तर ते बिघडतं. चिपला हसणं नाही, तिला टाकून देणं नाही. जे जमतं त्यातूनच, हळू करून, जे जमत नाही ते साधून घेणं.

अशाच केबलींसाठी चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय या कंपनीची यादी सीएच३४१ च्या यादीहून कितीतरी मोठी, शेकडो ओळींची. ती मी एखाद्या गावाची वस्ती फिरावी तशी फिरले. पाणबुड्यांची मनगटी यंत्रं, घरगुती हवामान केंद्रं, रक्तातली साखर मोजणारं मापक. प्रत्येकासाठी कुणीतरी, कुठेतरी, आपल्यासमोरचं मुकं यंत्र बोलतं व्हावं म्हणून एक ओळ घातलेली. त्यांतच एक ओळ अशी, की वस्तूचा आकडा नुसता शून्य. २०१४ साली त्या कंपनीच्या विंडोजवरच्या ड्रायव्हरने नकली चिप हेरून तिच्या पोटातला आकडाच शून्य करून टाकायला सुरुवात केली होती. मग ती चिप कुठेच ओळखली जाईना. नकलेला विरोध करायचा कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. पण ज्याने बाजारातून भोळेपणाने केबल घेतली, त्याच्या हातातली वस्तू मुकी करणं मला क्रूर वाटतं. लिनक्समध्ये त्याच वर्षी ती ओळ आली, ओळख पुसलेल्या चिपलाही आपल्यात घेणारी. ती वाचताना मला भरून आलं. इतक्या कोरड्या यादीत इतकी माया.

अडवलेल्याला आत घेण्याची अशीच एक गोष्ट काशीचीही आहे. आमच्या घरापासून घाटाघाटाने उत्तरेला चालत गेलं, की जटार घाट, ग्वाल्हेरचा घाट ओलांडून पंचगंगा लागते. याच काशीत एकनाथांनी १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला, आपलं मराठी भागवत पुरं केलं. परंपरा सांगते, की काशीच्या पंडितांनी आधी त्या ग्रंथाला अडवलं, प्राकृत भाषेला हा अधिकार कुठला म्हणून विचारलं. मग तो वाचला, आणि वाचल्यावर त्याची मिरवणूक काढली. कार्तिकात त्या पायऱ्यांवरून जाताना मला ती मिरवणूक तितकीशी आठवत नाही. आठवतं ते मधलं वाचणं. अडवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा पोथी मांडीवर घेतली असेल, पहिल्या दोन ओव्या अढीने वाचल्या असतील, आणि मग तिसरी.

माझी केबल अजून अडलेलीच होती. पण कर्नलमध्ये अशी एक सोय आहे, की ड्रायव्हर पुन्हा न बांधताही त्याला नवी ओळख तात्पुरती कळवता येते. ‘न्यू-आयडी’ नावाच्या एका नोंदीत दोन आकडे लिहायचे, बस. मी लिहिले. पडद्यावर ती राहिलेली ओळ आली: सीएच३४१ चा रूपांतरक आता टीटीवाययूएसबी-शून्यला जोडला गेला आहे. मी गती ९६०० ठेवली, सात बिट, सम पॅरिटी, आणि ऐकू लागले. अधिकचं चिन्ह, मग शून्यं, मग दशांशाचा टिंब, मग ग्रॅमचा ‘जी’. एका ओळीखाली दुसरी, तीच ओळ, रिकाम्या तबकडीचं वजन काटा न थकता सांगत होता. किती वर्षांपासून सांगत होता!

पण संगणक बंद केला, की ती तात्पुरती ओळख पुसली जाते. म्हणून ड्रायव्हरच्या यादीत ओळ हवीच. या चिपांची यादी छोटी आहे, पाच-सहा जोड्यांची, आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावलेली. तिच्यात आपली जागा शोधून एक ओळ. दोन महिरपी कंस, दोन आकडे, एक स्वल्पविराम. ती ओळ लिहायला निमिष लागलं. तिच्याबरोबर जायचं निवेदन लिहायला मात्र मी वेळ घेतला, कारण यूएसबी सिरियलचा विभाग सांभाळणारे योहान होवोल्ड किंवा उद्या त्यांच्या जागी येणारं कुणीही ते वाचेल, आणि त्यांना माझ्या शब्दांखेरीज या केबलचं दुसरं काहीच दिसणार नाही. मी लिहिलं: ही केबल सीएच३४१ सारखीच वागते, तिची आवृत्ती अशी, तिचे मार्ग असे, एका वजनकाट्याला जोडून सम पॅरिटीने तपासली. खाली नाव, आणि हे काम माझं आहे, ते सर्वांना द्यायचा मला हक्क आहे, असं सांगणारी सहीची ओळ. विद्यालयात मुलगे शिकतात आणि मी खिडकीत बसून ऐकत मोठी झाले. शेकडो नावांच्या त्या लांब रांगेत आपलं एक नाव लिहिताना माझी बोटं थोडी कापली.

अण्णांच्या खोलीत आता काट्याशेजारी एक छोटा संगणक असतो. काटा जे सांगतो ते मी ई-स्पीक एनजी या मुक्त कार्यक्रमाकडून मराठीत बोलून घेते. पहिल्या दिवशी अण्णांनी सितोपलादीचं चूर्ण तबकडीवर घातलं, आणि यंत्र आपल्या सपाट आवाजात घाईघाईने म्हणालं, तीन पूर्णांक शून्य आठ. अण्णांनी काट्याकडे पाहिलं. तिथे शेवटी शून्यच दिसत होतं. त्यांनी चिमूटभर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा ऐकलं. डोळे मिटून, मान किंचित कलती करून, नाडी बघताना करतात तशी.

“बरोबर म्हणतोय,” ते म्हणाले. “पण फार पळतोय गं. त्याला जरा सावकाश म्हणायला सांग. आकडे सुटे सुटे.”

मी गती उतरवली. दारात एक बाई खोकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. अण्णांनी तिला आत बोलावलं, कागदाचे चौकोन मांडले, आणि काट्याच्या सांगण्यावरून एकेक पुडी बांधायला घेतली.